राबणं वेगळं, ताकद कमावणं वेगळं

"दिवसभर तं वावरात राबतो आम्ही, अजून कायले व्यायाम?"

बचत गटाच्या बैठकीत मी हा विषय काढला की पहिलं उत्तर हेच येतं. बोलणारी बाई पाचला उठलेली असते. सडा, शेणपाणी, स्वयंपाक, पोरांचे डबे, मग वावर आणि अंधार पडला की पुन्हा चूल. तिला 'व्यायाम कर' म्हटलं तर ते तिला लागतं, आणि का लागतं ते मला कळतं. तरी मी म्हणते. राबून ताकद येत असती तर चाळिशी ओलांडलेल्या आमच्या बाया जिना चढताना कठड्याला धरून चढल्या नसत्या.

मी 47 वर्षांची. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहते. घरची कोरडवाहू शेती आहे. कापूस, तूर, सोयाबीन. गटाचे हिशेब मी लिहिते. माझी भाची फिजिओथेरपी शिकली, आणि गेल्या काही वर्षांत तिनं मला जे शिकवलं, त्यातलं एक वाक्य मी बैठकीत पुन्हा पुन्हा सांगते: जड थोडं, मग आराम, मग पोटभर चांगलं खाणं. या तिन्ही गोष्टी मिळाल्या तरच स्नायू बळकट होतो.

आता कापसाची वेचणी घ्या. एका बोंडात चार-पाच ग्रॅम कापूस निघतो. बाईनं दिवसात 40 किलो वेचला तर तिनं आठ-दहा हजार बोंडांना हात घातलेला असतो. तोही गुडघे ताठ, कंबर वाकलेली आणि पोटाशी भरत जाणारी ओटी अशा अवस्थेत. हाताला वजन जवळजवळ नाहीच, आणि कमरेला क्षणाचा विसावा नाही. मांड्या आणि कुल्ले हे शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू. या कामात त्यांना जोर लावायची वेळच येत नाही, सगळा ताण पाठीच्या खालच्या भागावर राहतो. निंदणाचंही तेच. त्यानं चिवटपणा येतो, मी नाकारत नाही. पण उद्या भरलेला गंज चुलीवरून उतरवायचा असेल तर लागणारा जोर त्यातून तयार होत नाही.

आमच्या आयांच्या काळी दळण-कांडण होतं, विहिरीचं पाणी शेंदून गुंड डोक्यावर आणणं होतं. ती जड कामं होती. आता चक्की आली, नळ आला, मिक्सर आला, आणि ते आले हे फार चांगलं झालं. त्या बायांची हाडं कशी झिजली ते मी माझ्या आजीत पाहिलं आहे. पण गेलं ते फक्त जड काम. हलकं, वाकून करायचं, न संपणारं काम जसंच्या तसं आमच्याकडे राहिलं. कट्टे, म्हणजे भरलेली पोती, उचलायला गडी, फवारणीचा पंप गड्याच्या पाठीवर. बाईच्या वाट्याला वेचणी, निंदण, सोंगणी. मला वाटतं, आमच्या दुखण्यांचं निम्मं कारण या वाटणीत आहे.

उरलेलं निम्मं वयात आहे. तिशीनंतर दर दहा वर्षांत शरीरातले साधारण 3 ते 8 टक्के स्नायू कमी होत जातात. आपल्याकडे पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी जाते, आणि ती गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं फार वेगानं ठिसूळ होतात, कारण हाडं धरून ठेवणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटलेलं असतं. ज्यांची पिशवी लवकर काढली आणि सोबत अंडाशयंही काढली, त्यांच्यात हे पस्तिशी-चाळिशीतच सुरू होतं. आमच्या गावात अशा बाया कमी नाहीत. हाडाला वजनाचा ताण मिळाला तर त्याची झीज मंदावते, म्हणून हा विषय नुसत्या दंडाच्या गोळ्यांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांतही मोठ्या माणसांनी चालण्या-फिरण्याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा, असं स्पष्ट लिहिलं आहे.

माझं माहेर अमरावतीचं. तिथलं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासूनचं, आणि 1936 मध्ये त्यांच्या चमूनं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ करून दाखवले होते. म्हणजे व्यायाम ही आमच्या भागाला परकी गोष्ट मुळीच नाही. पण गावातल्या मारुतीच्या देवळाशेजारच्या तालमीतले मुदगल कधी कुणा बाईनं उचललेले मी पाहिले नाहीत. म्हणून आमची तालीम आमच्या अंगणात.

सामान घरातलंच. पाच लिटरचे तेलाचे रिकामे कॅन धुऊन ठेवा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे काटा लागत नाही. युरियाचं रिकामं पोतं धुऊन त्यात रेती भरून तोंड शिवलं की मोठं वजन तयार. सुरुवातीला पाच किलो रेती पुरते. साडी खोचून करता येतं. मी सलवार घालते, कारण साडी पायात आली की लक्ष तिकडेच जातं.

पहिला व्यायाम उठबस. ओट्याच्या किंवा खुर्चीच्या कडेवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं. हे दहा वेळा सहज जमलं की रेतीचं पोतं छातीशी धरून करायचं. दुसरा, माझ्या मते आमच्यासाठी सगळ्यात मोलाचा, म्हणजे जमिनीवरून वजन उचलणं. पाय खांद्याइतके फाकवा, गुडघे थोडे वाकवा, कुल्ले मागे न्या, जणू मागचं दार कुल्ल्यानं लोटायचं आहे. पाठ सरळ. मग टाचा जमिनीत रोवून उभं राहा. हे वाकणं एकदा अंगी बसलं की वेचणीतसुद्धा बाई वेगळी वाकायला लागते. माझ्या मोठ्या जाऊबाईंनी हे शिकायला बराच वेळ घेतला, कारण कमरेतून वाकायची त्यांची चाळीस वर्षांची सवय. आता त्या पाण्याची बादली उचलताना आधी पायांची जागा पाहतात, आणि वावरात मलाच ओरडतात, "पाठ गोल करू नको व!"

मग एक हात बाजेवर टेकून दुसऱ्या हातानं कॅन कमरेपर्यंत ओढणं. याचा फायदा पाठीच्या वरच्या भागाला, जो ओटीच्या वजनानं पुढे ओढला गेलेला असतो. भिंतीला हात लावून जोर मारणं, नंतर ओट्यावर हात टेकून. आणि शेवटी दोन्ही हातांत भरलेले कॅन घेऊन अंगणातून फेऱ्या. त्यानं पकड वाढते, पोट घट्ट धरायची सवय लागते.

प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, दोन किंवा तीन पाळ्या, मध्ये दीड-दोन मिनिटं थांबायचं. शेवटचे दोन खरंच जड गेले पाहिजेत, नाहीतर ती नुसती हालचाल झाली. बारा सोपे वाटू लागले की कॅनमध्ये अर्धा लिटर पाणी वाढवा. सगळं मिळून अर्ध्या तासाच्या आत होतं. मी मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे करते, मधले दिवस अंगाला सावरायला. मे महिन्यात उजाडायच्या आत उरकायचं, नंतर आमच्याकडे ऊन उभं राहू देत नाही. वेचणीच्या ऐन दिवसांत दोनदा जमत नाही, तेव्हा एकदाच. कमावलेली ताकद आठवड्यातून एकदा जोर लावूनही बरीच टिकते. या वर्षी दसरा-दिवाळीच्या मध्ये माझं असंच चाललं.

खाण्याबद्दल मला राग येतो तो हा की घरात बाई शेवटी जेवते, आणि शेवटी उरतं ते वरणाचं वरचं पाणी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2020 च्या शिफारशीनुसार 55 किलोच्या बाईला दिवसाला साधारण 46 ग्रॅम प्रथिनं लागतात. वाटीभर घट्ट वरणातून सहा-सात ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून सहा, मूठभर शेंगदाण्यांतून सात. भाकरीचे आणखी थोडे. म्हणजे दोन्ही वेळच्या जेवणात काहीतरी घट्ट हवं: चून म्हणजे पिठलं, बरबटीची (चवळीची) उसळ, अंडी, दही. आणि सोयाबीन! पोत्यांनी पिकवतो, पोत्यांनी विकतो, घरात एक पायली ठेवत नाही. ते कच्चं खाऊ नये, पण नीट भाजून नऊ किलो गव्हात एक किलो दळून आणलं तर पोळीची चव बिघडत नाही. उपासाच्या दिवशी साबुदाण्यात नुसता स्टार्च असतो, त्यासोबत शेंगदाणे आणि दही जास्त घ्या.

दोन कॅन उचलून धाप लागत असेल, चक्कर येत असेल, तर आधी उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायांना रक्तक्षय आढळला होता, त्यामुळे ते आपल्यात असण्याचीच शक्यता जास्त. बीपी असेल तर डॉक्टरांना विचारून सुरू करा. उचलताना श्वास कोंडू नका, जोर लावताना तोंडानं सोडा. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, ते दोन दिवसांत जातं. सांध्यात कळ आली तर मात्र तिथेच थांबायचं.

आणि एक गोष्ट, जी बाया मला बैठक संपल्यावर बाजूला घेऊन सांगतात: अंग, म्हणजे गर्भपिशवी, बाहेर येतं, खोकलं की लघवी सुटते. बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी कामाला लागलेल्या कितीतरी जणींना हे आहे, आणि वर्षानुवर्षं लपवून त्या डोक्यावर भारे वाहतात. त्यांनी रेतीचं पोतं उचलायच्या आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून, पाच मोजून, सोडायचा व्यायाम बसल्या जागी होतो, आणि पुष्कळ बायांना त्यानं फरक पडतो. किती आणि कसा करायचा ते तपासणाऱ्याकडून समजून घ्या. एकटीला जायची लाज वाटत असेल तर आशाताईला सांगा, ती सोबत येते. तीही नाही तर मला सांगा, मी येते.