दोन किलो तेलाचा साबण

बायोडिझेलच्या लॅबमध्ये नवीन होतो तेव्हाची गोष्ट. ताज्या तेलाच्या दहा-बारा बॅच झकास निघाल्या होत्या, त्यामुळे डोक्यात थोडी हवा गेलेली. मग तळणीच्या वापरलेल्या तेलाचा कॅन आला, गाळून घेतला, रंग जरा काळपट होता पण म्हटलं चालतंय, आणि ऍसिड व्हॅल्यू (तेलात सुटं फॅटी ऍसिड किती आहे त्याचा आकडा) न काढताच बॅच लावली.

२ किलो तेल, कॅटॅलिस्ट म्हणून २० ग्रॅम केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) मिथेनॉलमध्ये विरघळवून (मिथेनॉल मोलच्या हिशोबात ६:१, म्हणजे लागतं त्याच्या दुप्पट), ६० डिग्री, वर वाफ थंड करून परत खाली सोडणारा कंडेन्सर, कारण मिथेनॉल ६५ च्या आतच उकळतं. तास झाला, स्टरर बंद केला, तेल आणि मिथेनॉलचं एस्टर (म्हणजेच बायोडिझेल) होताना सुटणारं ग्लिसरीन खाली बसायची वाट बघत बसलो. काही बसेना. नुसतं दुधाळ गढूळ पाणी. मला वाटलं कॅटॅलिस्ट कमी पडला, म्हणून अजून १० ग्रॅम केओएच घातलं. हा माझा त्या दिवसाचा सगळ्यात मोठा शहाणपणा. थोड्या वेळाने स्टररचा आवाज जड झाला आणि थंड होता होता फ्लास्कमध्ये चक्क खरवसासारखं घट्ट झालं, उलटा केला तरी हलेना.

सर आले, बघितलं, एवढंच म्हणाले, "ऍसिड व्हॅल्यू काढली होतीस का रे?" मी गप्प.

उरलेल्या तेलाचं टायट्रेशन केलं (ब्युरेटमधून थेंब थेंब अल्कली सोडून ऍसिड मोजायचं), फिनॉल्फ्थॅलिन टाकून गुलाबी व्हायची वाट बघतोय तर ब्युरेट खाली खालीच चाललीय. आकडा आला ८.२. म्हणजे दर ग्रॅम तेलामागे ८.२ मिलिग्रॅम केओएच नुसतं फॅटी ऍसिड मारण्यातच जाणार, आणि मी सुरुवातीला ग्रॅममागे घातलं होतं १०! कॅटॅलिस्ट म्हणून कामाला उरलं जेमतेम १.८, बाकी सगळ्याचा साबण, वर त्या रिऍक्शनमधून पाणीही सुटतं आणि पाणी असलं की एस्टरसुद्धा फुटून साबणाच्याच वाटेला लागतो. त्यावर मी अजून केओएच ओतलं. वा!

दुसऱ्या दिवशी नीट केलं. आधी सल्फ्युरिक ऍसिड आणि जास्तीचं मिथेनॉल घालून फॅटी ऍसिडचंच एस्टर करून घेतलं, दर अर्ध्या तासाला सॅम्पल काढून टायट्रेशन, आकडा १ च्या खाली आल्यावरच थांबलो. इथेही घाई करणार होतो, पण या स्टेपमध्येही पाणी तयार होतं हे सरांनी आठवण करून दिलं, मग वर आलेला मिथेनॉल-पाण्याचा थर काढला, तेल १०० च्या वर तापवून कोरडं केलं आणि मगच केओएच. यावेळी स्टरर बंद केल्यावर पंधराएक मिनिटांत तळाशी चॉकलेटी ग्लिसरीन बसायला लागलं.

आणि तो खरवस? त्यात ऍसिड ओतून गरम केला, साबण फुटला, तेल आणि फॅटी ऍसिड वर आलं. तेही मग ऍसिडच्या स्टेपलाच लावलं, पण यावेळी आधी टायट्रेशन करून.