तुम्ही विचारलंत म्हणून: नियम पाठ आहेत, तरी बोलताना चुका का?

इंग्रजी शिकवणारे शिक्षक हा प्रश्न हमखास विचारतात. विद्यार्थ्यांना सगळे काळ येतात, क्रियापदाची तिन्ही रूपं (व्ही वन, व्ही टू, व्ही थ्री; म्हणजे गो, वेंट, गॉन) तोंडपाठ आहेत, रिकाम्या जागा बरोबर भरतात. पण बोलायला लागले की 'आय हॅव मेट हिम यस्टरडे' म्हणतात. मग त्यांना तेच व्याकरण पुन्हा शिकवायचं, की व्याकरण बाजूला ठेवून नुसतं बोलायला लावायचं?

माझं उत्तर असं: मधल्या टप्प्यावरच्या विद्यार्थ्याला रूप बनवता येतं, रूप निवडता येत नाही. त्याला आजवर निवडायची वेळच आलेली नसते. आपले स्वाध्याय बघा. वाक्यात 'यस्टरडे' असतं, मग साधा भूतकाळ. 'सिन्स' असतं, मग प्रेझेंट परफेक्ट, म्हणजे 'हॅव' किंवा 'हॅज' लावून होणारं रूप. विद्यार्थी खुणेचा शब्द शोधतो आणि उत्तर लिहितो. वाक्याचा अर्थ त्याने वाचलेला असतोच असं नाही. बोलताना वाक्य त्याला स्वतःच रचायचं असतं, आधीपासून लिहून ठेवलेली खूण कुठेच नसते. मग जे रूप आधी जिभेवर येईल ते बाहेर पडतं.

म्हणून या टप्प्यावर एकेक काळ सुटा शिकवू नका. दोन रूपं शेजारी ठेवा आणि खुणेचा शब्द दोन्हीकडे सारखा ठेवा. उदाहरणार्थ, फळ्यावर एवढीच दोन वाक्यं लिहा:

'शी हॅज वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स.'
'शी वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स.'

'फॉर फाइव्ह इयर्स' दोन्हीकडे आहे, त्यामुळे पाठ केलेली युक्ती इथे चालत नाही. आता 'समजलं का?' असं विचारू नका. त्याला सगळा वर्ग 'हो' म्हणतो. विचारा: ती अजून इथे काम करते का? पहिल्या वाक्यात करते, दुसऱ्यात करत नाही. नोकरी सोडून गेलेल्या बाईंबद्दल बोलताना कुठलं वाक्य येईल? मग 'शी हॅज लॉस्ट हर कीज' लिहा आणि विचारा: चाव्या आत्ता तिच्याकडे आहेत का? कधी हरवल्या, हे या वाक्यावरून कळतं का? प्रश्न छोटे, हो-नाहीत उत्तर देता येईल असे आणि थेट अर्थावर बोट ठेवणारे हवेत. प्रश्नातच ते रूप वापरलंत, तर विद्यार्थी तेच परत म्हणून मोकळा होतो. पन्नास मिनिटांच्या तासात याला दहा मिनिटं पुरतात. परफेक्टचे सहा उपयोग एकाच पानावर देणारी पुस्तकं आहेत. त्यांतले दोनच घ्या.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते गाडी तिथेच अडते: ऐकणं. ओघात बोलताना 'शी हॅज वर्क्ड'चं 'शीज वर्क्ड' होतं, आणि तो 'ज' पटकन कानावर येत नाही. जो फरक ऐकूच येत नाही, तो बोलण्यात कुठून येणार? दहा वाक्यं काढा, पाच या रूपाची, पाच त्या रूपाची, क्रम मिसळलेला. नेहमीच्या वेगाने प्रत्येक वाक्य दोनदा म्हणा. वाक्य लिहून घ्यायचं नाही. फक्त 'अजून चालू' की 'संपलं' एवढंच लिहायचं. पहिल्या फेरीत बऱ्याच चुका होतील. चुकलेली वाक्यं आधी सावकाश, मग पुन्हा वेगात म्हणा. सुरुवातीपासूनच शब्द तोडून, सुटे सुटे म्हटलेत, तर हा सराव वाया जातो.

मग बोलणं. इथे एक गोष्ट मुद्दाम दाखवावी लागते. खऱ्या संभाषणात प्रेझेंट परफेक्ट बहुधा विषय उघडतो आणि लगेच बाजूला होतो. 'हॅव यू एव्हर रिडन अ हॉर्स?' 'येस, आय हॅव.' इथून पुढे सगळं साध्या भूतकाळात: 'व्हेन डिड यू डू इट?' 'वेअर यू स्केअर्ड?' विद्यार्थी मात्र परफेक्टमध्येच अडकतात आणि 'आय हॅव रिडन इट लास्ट इयर' म्हणतात. म्हणून नुसते 'हॅव यू एव्हर'चे प्रश्न गोळा करून आणायला सांगू नका. जोड्या करा. प्रत्येकाने स्वतःबद्दल तीन खरी आणि एक खोटी गोष्ट परफेक्टमध्ये सांगायची. जोडीदाराने प्रत्येक गोष्टीवर कमीत कमी तीन उपप्रश्न विचारून खोटी कुठली ते ओळखायचं. उपप्रश्नांना भूतकाळ लागतोच, त्यामुळे एका रूपातून दुसऱ्या रूपात जाण्याचा सराव आपोआप होतो. याला वीस मिनिटं तरी द्या. एक बारीक गोष्ट: 'जस्ट', 'ऑलरेडी', 'येट' यांच्याबरोबर अमेरिकन बोलीत साधा भूतकाळ सर्रास चालतो, त्यामुळे 'डिड यू ईट येट?' ऐकून लाल पेन काढू नका.

मातृभाषेत समजावलेलं चालेल का? जरूर चालेल, पण दोन मिनिटं. 'मी इथे पाच वर्षांपासून राहतोय' या मराठी वाक्यात वर्तमानकाळ आहे, म्हणून 'आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' तयार होतं. एका वाक्यात दोन चुका: काळ आणि 'सिन्स'. 'पासून'साठी दर वेळी 'सिन्स' चालत नाही. सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स', कालावधी असेल तर 'फॉर'. चूक कुठून येते हे कळलं की विद्यार्थी तिच्यावर नजर ठेवू लागतो.

आता दुरुस्ती. विद्यार्थी 'शी गो यस्टरडे' असं काहीतरी म्हणतो, आपण हसून 'ओह, शी वेंट' म्हणतो आणि पुढे जातो. विद्यार्थ्याला वाटतं, आपण त्याच्याशी सहमत झालो. रॉय लिस्टर आणि लीला रांटा यांनी १९९७ साली कॅनडातल्या प्राथमिक शाळांमधल्या फ्रेंच इमर्शन वर्गांचा, म्हणजे इतर विषयही फ्रेंचमधूनच शिकवणाऱ्या वर्गांचा, अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या निम्म्याहून जास्त दुरुस्त्या याच प्रकारच्या होत्या, आणि मुलांकडून प्रतिसाद मिळण्यात हाच प्रकार सर्वांत मागे होता. त्यापेक्षा वाक्य चुकीच्या शब्दाच्या अलीकडे थांबवा, 'शी...?' एवढंच म्हणा, आणि उरलेलं त्याच्याकडून काढून घ्या. हे ठरलेल्या सरावात. मोकळ्या गप्पांमध्ये मध्ये बोलू नका; वहीत वाक्यं टिपत राहा. शेवटच्या दहा मिनिटांत त्यांतली सहा फळ्यावर लिहा, नाव न लिहिता: चार चुकीची, दोन बरोबर. कुठली बरोबर ते विद्यार्थ्यांनी ठरवायचं. दोन बरोबर असल्यामुळे प्रत्येक वाक्य खरोखर वाचावं लागतं.

'ही गोज'मधला 'एस' मात्र वेगळा विषय. नियम एका ओळीचा, शिकवतात पहिल्याच वर्षी, पण बोलण्यात तो फार उशिरा बसतो. कारण त्याच्यावाचून अर्थाचं काही अडत नाही. कोण ते 'ही'ने आधीच सांगितलेलं असतं. त्यावर पुन्हा अख्खा तास घालवू नका. लिहून झालं की 'ही', 'शी', 'इट'च्या जागी येणारा प्रत्येक कर्ता अधोरेखित करायचा आणि शेजारचं क्रियापद तपासायचं, एवढी सवय लावा.

आर्टिकल्सच्या ('अ', 'अ‍ॅन', 'द') नियमांची यादी कधीच संपत नाही, म्हणून यादीने सुरुवात करू नका. एकच गोष्ट पक्की करा: मोजता येणारं एकवचनी नाम सहसा एकटं उभं राहत नाही. त्याच्याआधी 'अ', 'द', 'माय', 'धिस' असं काहीतरी हवं. 'बाय बस', 'अ‍ॅट स्कूल' हे अपवाद समोर येतील तेव्हा सांगा. विद्यार्थ्याचाच एक परिच्छेद घ्या, प्रत्येक नामाखाली रेघ मारायला लावा आणि तीन प्रश्न क्रमाने विचारा: मोजता येतं का? एकच आहे का? कुठलं ते ऐकणाऱ्याला ठाऊक आहे का? 'इन्फॉर्मेशन', 'अ‍ॅडव्हाइस', 'फर्निचर', 'लगेज' पहिल्याच प्रश्नाला अडकतात; त्यांची वेगळी ओळ वहीच्या मागच्या पानावर करून ठेवा आणि नवा शब्द सापडला की तिथे घाला.