अंगणातलं गवत आणि वीस बादल्या

नवी मुंबईत बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये आमचं घर आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी आखलेली ही वसाहत. मागे डोंगर, पुढे छोटं अंगण. त्या अंगणात साधारण बारा फूट बाय पंचवीस फूट हिरवळ आहे आणि तिच्यावर माझा फार जीव आहे. सकाळचा चहा मी तिथेच अनवाणी पायांनी घेते.

तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये सासूबाई राहायला आल्या. त्या साताऱ्याकडच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या. मी संध्याकाळी पाइप घेऊन अर्धा तास पाणी घालत होते. त्या ओट्यावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "का गं, रोज एवढं पाणी कशापायी घालतीस? पिऊन तरी जातंय का ते?"

मी म्हटलं, "उन्हाळा आहे ना आई, नाहीतर जळेल सगळं."

त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी वीस लिटरची बादली पाइपाखाली धरून बसल्या. दीड मिनिटात भरली. म्हणजे अर्ध्या तासात वीस बादल्या, चारशे लिटर. "टँकरच्या दहा घागरींत आमचं अख्खं घर चालायचं," एवढंच म्हणाल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या नळाला येतं ते मोरबे धरणाचं पाणी. मे महिन्यात त्याची पातळी किती उरली हे मी पेपरात रोज वाचते, आणि संध्याकाळी पाइप सोडते!

मग मी हिशेब मांडला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. माझी हिरवळ २८ चौरस मीटर. आठवड्याला २,८०० लिटर म्हणजे १०० मिलिमीटर, पावसाळ्यातल्या एखाद्या आठवड्यासारखं. गवताला कडक उन्हातही याच्या चौथ्या हिश्श्याने भागतं. आता मी आठवड्यातून दोनदा, पहाटे, १२-१२ मिलिमीटर देते. मोजायला सरळ कडांचे चार स्टीलचे डबे गवतात ठेवते आणि पट्टी बुडवून बघते. संध्याकाळचं पाणी बंदच केलं. पातं रात्रभर ओलं राहिलं की बुरशी धरते, आणि माझ्या गवतावरचे ते गोल पिवळे डाग त्याचेच होते.

खरी अडचण मातीची होती. वर चार इंच लाल माती, खाली मुरमाचा भराव. पाणी आत जाण्याआधीच गटाराकडे पळायचं. म्हणून आता बारा मिनिटं पाणी, वीस मिनिटं थांबायचं, पुन्हा बारा मिनिटं. नंतर लांब स्क्रू ड्रायव्हर खुपसून बघते, चार इंच अलगद गेला तर पाणी मुळांपर्यंत पोचलं. रोज वरवर शिंपडलं की मुळं वरच घुटमळतात आणि एका दिवसाच्या उन्हात मान टाकतात. जूनच्या पहिल्या सरींनंतर गार्डन फोर्कने भोकं पाडून त्यांत रेती आणि चाळलेलं कंपोस्ट भरते. पहिल्या वर्षीच फरक दिसला. पावसाळाभर पाइप गुंडाळलेलाच असतो.

पाणी कधी द्यायचं हे गवतच सांगतं. चालून गेल्यावर पावलांचे ठसे तसेच राहिले आणि रंग निळसर-करडा झाला की द्यायचं. माळीकाकांना कापणीसाठी एकच विनंती आहे: एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापू नका, आणि कापलेलं तिथेच पडू द्या. पूर्वी खरवडून कापलं जायचं, मग उघडी माती तापायची. एसीचं पाणी बादलीत जमतं, तेही गवताला जातं. त्यात क्षार जवळजवळ नसतातच. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी मात्र क्षारांचं, ते मी फरशी पुसायला वापरते. मातीत क्षार साठत गेले की गवत करपतं.

आता हरळीबद्दल. आमचं मूळचं मेक्सिकन लॉन, म्हणजे मुद्दाम लावलेलं बारीक पात्याचं शोभेचं गवत. त्यात घुसणारी हरळी मी दोन वर्षं तण म्हणून उपटत होते, बोटं सोलेपर्यंत. सासूबाई आल्या त्याच मेमध्ये मी पाणी तोडलं, तेव्हा मेक्सिकन तपकिरी पडलं आणि कुंपणाजवळची, माझ्या हातून निसटलेली हरळी हिरवीच राहिली. तिची मुळं खोल जातात, शिवाय जमिनीखालचे धावते कोंब असतात. आईंनी ती उपटू दिली नाही. "दूर्वा आहेत त्या, देवाला लागतात," म्हणाल्या. मी तिला पसरू दिलं. आज उन्हाच्या बाजूला निम्म्याहून जास्त हरळीच आहे. आंब्याखाली ती तग धरत नाही, तिला ऊन हवं. तिथे मी फर्न लावले.

मेमध्ये हरळीही थोडी पिवळी पडते. पडू देते. जूनमध्ये आठवड्याभरात परत येते.

गणपतीत आमच्या गल्लीतली मुलं सकाळी फाटकाशी परडी घेऊन उभी राहतात. आई त्यांना कोवळी तीन पानांची दूर्वा कशी खुडायची ते दाखवतात आणि एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधून देतात.