दालेत, रेश आणि ळ : आमच्या अक्षरजुळणीची वाटचाल

१९९४ साली ठाण्यात, नौपाड्यातल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर, दहा बाय बाराच्या गाळ्यात आम्ही अक्षरजुळणीचे काम सुरू केले, तेव्हा एक संगणक, एक लेझर प्रिंटर आणि वडिलांची नजर एवढेच आमचे भांडवल होते. वडील तीस वर्षे गिरगावातल्या छापखान्यांत जुळारी होते आणि अक्षरांचे खिळे उलटे वाचण्याची सवय त्यांना इतकी जडली होती की, ट्रेसिंगवरचा मजकूर ते सुलट बाजूने जितक्या वेगाने वाचत तितक्याच वेगाने मागच्या बाजूनेही वाचत. लग्नपत्रिका, गृहनिर्माण संस्थांचे वार्षिक अहवाल आणि शाळांचे वार्षिकांक ही आमची नेहमीची कामे होती आणि आजही दुकानाचे भाडे व तिघांचे पगार त्यांतूनच निघतात. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ज्या यहुदी, म्हणजे ज्यू पुस्तकांविषयी लिहिणार आहे, त्यांनी आमचे घर चालवले असा कोणाचा समज होऊ नये.

१९९९ च्या पावसाळ्यात रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक फाटकी पोथीवजा पुस्तिका घेऊन आले. टेंभी नाक्याजवळ १८७९ साली उभे राहिलेले शाआर हाशामाईम हे सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळ आहे, तिथे ते नियमाने जात. मात्र बोलताना त्याला ‘आमची मशीद’ म्हणत. पुस्तिकेत उजव्या पानावर हिब्रू प्रार्थना होत्या आणि डाव्या पानावर त्यांचे मराठी भाषांतर, तेही ‘हे परमेश्वरा, तू आम्हांवर कृपा कर’ अशा शंभर वर्षांपूर्वीच्या घाटाचे. काकांनी एवढेच विचारले, “आमचं पुस्तक उजवीकडून उघडतं. जमेल का तुम्हाला?” मी जमेल म्हणालो. इतका महाग होकार मी आयुष्यात दुसरा दिलेला नाही.

आमच्याकडच्या पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरला उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी ठाऊकच नव्हती. हिब्रूचा प्रत्येक शब्द उलटा टंकित करायचा, ओळ कुठे तुटणार हे आधी मोजायचे आणि मग अक्षरांखालचे स्वरबिंदू, ज्यांना नेकुदोत म्हणतात, ते एकेक करून जागेवर सरकवायचे, असा तो खटाटोप होता. एका पानाला एक दिवस लागे. पुढे इनडिझाइनची मध्यपूर्वेसाठीची आवृत्ती मिळाली आणि हे सारे कष्ट एका झटक्यात संपले. पण तोवर चार वर्षे गेली होती. पहिल्या पुस्तिकेच्या वेळी बाइंडरने सवयीप्रमाणे फर्मे, म्हणजे छापून घडी घातलेले ताव, डावीकडे शिवले. पुस्तक नव्वद पानांचे. ते उघडले की शेवटची प्रार्थना पहिली येई. दोनशे प्रती उसवून पुन्हा शिवल्या.

खरा धडा मात्र दुसऱ्या पुस्तिकेने दिला. यहुदी प्रार्थनेचा कणा असलेले ‘शेमा’ हे वचन जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातले आहे : हे इस्राएला, ऐक, परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एकच आहे. त्यातला शेवटचा शब्द ‘एहाद’, म्हणजे एक. त्याच्या अखेरीस ‘दालेत’ हे अक्षर येते. दालेतचा वरचा उजवा कोपरा टोकदार असतो आणि ‘रेश’ या अक्षराचा तोच कोपरा गोल असतो. फरक म्हणाल तर आपल्या ‘घ’ आणि ‘ध’ मधल्याइतका. दालेतच्या जागी रेश पडला की ‘एक’ या अर्थाचा शब्द ‘दुसरा’ या अर्थाचा होतो, आणि एकेश्वराची साक्ष देणारे वचन नेमके उलटे बोलू लागते. म्हणूनच तोराच्या, म्हणजे यहुदी धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळीत या ठिकाणचा दालेत मुद्दाम मोठा काढण्याची प्रथा आहे. आम्हाला ती प्रथा ठाऊक नव्हती. मोठे अक्षर पाहून ती चूक असावी असे वाटल्यामुळे ऑपरेटरने ते सगळ्यांच्या मापाचे केले आणि तसे करताना रेशची कळ दाबली. मुद्रिते मी स्वतः तपासली होती, म्हणजे अक्षरांचे आकार पाहिले होते. वाचले नव्हते.

पाचशे प्रतींचा तो फर्मा छापून झाल्यावर काकांच्या लक्षात आले. ते रागावले नाहीत, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “हा कागद रद्दीत देऊ नका.” ज्या कागदावर देवाचे नाव आले आहे, तो फाडायचा नाही, जाळायचा नाही आणि पुड्या बांधायला तर मुळीच द्यायचा नाही, असा त्यांचा नियम आहे. असे जीर्ण किंवा सदोष कागद गेनीझात, म्हणजे त्यासाठी राखलेल्या जागी ठेवतात आणि नंतर दफनभूमीत पुरतात. आमचे खराब झालेले पाचशे ताव असेच तीन गोणींतून दफनभूमीत गेले. वडील त्या दिवशी बरोबर आले होते. आयुष्यभर रद्दी वजनावर विकलेला माणूस, गोणी खड्ड्यात उतरताना त्याने टोपी काढून हातात धरली होती. तेव्हापासून आमच्या दुकानात दोन पेट्या आहेत, एक रद्दीची आणि एक हिब्रू मजकुराची, आणि झाडणाऱ्या बाईंनाही त्यांतला फरक माहीत आहे.

या चुकीनंतर आपण काय छापतो हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काम घ्यायचे नाही, असे मी ठरवले, आणि समजून घेऊ लागल्यावर लक्षात आले की मी हिब्रू शिकायला निघालो होतो खरा, पण वाटेत मराठीच नव्याने भेटत होती. ज्यू साहित्य म्हटले की आपल्या वाचकाला युरोप आठवतो, फार तर ॲन फ्रँकची रोजनिशी आठवते. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज उतरले असे सांगणारा, कोकणात तेलाचे घाणे चालवणारा, शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून ‘शनवार तेली’ म्हटला गेलेला आणि पेणकर, रोहेकर, केहीमकर, अष्टमकर, दिवेकर अशी गावांची आडनावे लावणारा बेने इस्राएल समाज या चित्रात सहसा नसतो. त्याचे यहुदीपण शतकानुशतके ग्रंथाशिवाय टिकले होते. शब्बाथ म्हणजे शनिवारचा विश्रामदिन, सुंता, खाण्याचे नियम आणि शेमाचे ते वचन एवढेच त्याच्यापाशी उरले होते. सणांची हिब्रू नावे विसरली गेली, पण सण राहिले आणि त्यांना मराठी नावे मिळाली. वर्षारंभ तो नव्याचा सण. प्रायश्चित्ताचा दिवस, ज्या दिवशी दारे लावून उपास करायचा, तो दारफाळणीचा सण. त्याच्या दुसऱ्या दिवशीचा शिळा सण. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचे सुतक पाळायचा तो बिरड्याचा रोजा. आणि वल्हांडण, म्हणजे मिसरातल्या गुलामीतून झालेल्या सुटकेचा सण, तो अनशी ढाकायचा सण, कारण त्या दिवसांत आंबवणाचे भांडे झाकून ठेवायचे. ओळख ग्रंथात असते असे मानणाऱ्यांनी ही यादी एकदा मोठ्याने वाचावी.

ग्रंथ त्यांच्याकडे नंतर आला आणि तो मराठीच्या हाताला धरून आला. १८३२ साली जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीतून प्रसिद्ध केली. मिशनऱ्यांचा उद्देश धर्मांतराचा होता. शिकणाऱ्यांनी व्याकरण घेतले आणि ते आपल्या सिनेगॉगात नेले. मुंबईत १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी बांधलेले शाआर हारहामीम तोवर उभे होतेच. १८४६ साली मुंबईत शिळाछापावर वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा, म्हणजे सुटकेच्या कथेची पोथी, मराठी भाषांतरासह निघाली, आणि १८७४ साली पुण्यात आणखी एक, सचित्र हगादा निघाली. तिच्यातली काही चित्रे युरोपीय हगादांवरून घेतलेली आहेत; मात्र बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या आहेत. या पानाचे छायाचित्र मी पहिल्यांदा पडद्यावर मोठे करून पाहिले तेव्हा बराच वेळ काम थांबले होते. शिळाछापात अक्षर दगडावर हाताने उतरवतात. तेव्हा हिब्रू आणि देवनागरी या दोन्ही लिप्या एकाच पानावर नीट बसवणारी माणसे इथे दीडशे वर्षांपूर्वी होती आणि आम्ही संगणकावर रडत होतो, ही जाणीव फारशी सुखाची नव्हती.

या परंपरेतले ज्यांचे काम आम्ही सर्वांत जास्त हाताळले, ते जोसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४-१९०५). त्यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तके एकामागून एक मराठीत आणली. त्यांची मराठी त्या काळच्या पंडिती वळणाची आहे. ‘करुणासागरा’, ‘दीनदयाळा’ अशी संबोधने तिच्यात सहज येतात आणि स्तोत्र कुठल्या धर्माचे आहे हे दोन-दोन ओळी कळत नाही. काही तरुण ग्राहकांनी हे शब्द ‘सोपे’ करून मागितले. मी ते काम घेतो, पण मनापासून घेत नाही. कीर्तनांच्या बाबतीत तर हे अधिकच जाणवते. १८८० च्या सुमारास बेने इस्राएल मंडळींनी हरिकीर्तनाचा साचा उचलला आणि योसेफ, मोशे, एलिया यांची आख्याने साकी, दिंडी, ओवी यांत बांधली. पुस्तक न वाचणाऱ्या बायकामाणसांपर्यंत पवित्र कथा पोचवण्याचा तो मार्ग होता, आणि माझ्या मते मराठी यहुदी साहित्यातला हा सर्वांत जिवंत भाग आहे. अशी एक वही आम्ही अक्षरजुळणीसाठी घेतली तेव्हा प्रत्येक पदावर फक्त ‘चाल’ लिहिलेली होती, आणि ज्या नाट्यपदांच्या चाली होत्या त्यांतल्या निम्म्या माझ्या वडिलांना तोंडपाठ निघाल्या. मुद्रितशोधन त्यांनी गुणगुणतच केले.

एक तक्रार नोंदवल्याशिवाय पुढे जाववत नाही. अशाच एका प्रार्थनापुस्तकाची दुसरी, पूर्ण प्रत शोधत मी एका जुन्या ग्रंथालयात गेलो. सूचीत ती सापडेना. शेवटी सापडली ती ‘ख्रिस्ती वाङ्मय’ या विभागात, कारण मजकुरात मोशे आणि अब्राहाम होते. मी लेखी विनंती दिली, ती स्वीकारली गेली, आणि सहा वर्षांनी पुन्हा गेलो तेव्हाही पुस्तक त्याच फळीवर होते. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. सूचीतल्या फळीपर्यंत तो पोचायला अजून वेळ आहे.

मराठीत लिहिणारे या समाजात उत्तरोत्तर कमी होत गेले, याची कारणे उघड आहेत. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला तो इंग्रजीत, आणि तो छापला गेला थेट १९३७ साली तेल अवीवला. मुंबईच्या निस्सीम एझिकेलांनी कविता इंग्रजीत लिहिली. तिच्यात पूर्वजांचा तो घाणा आहे, आणि इंदिरा संतांच्या कविता वृंदा नाबर यांच्यासह इंग्रजीत नेताना त्यांनी मराठीशी असलेले नातेही राखले. मीरा महादेवन आणि शीला रोहेकर यांनी कादंबरी हिंदीत लिहिली, अहमदाबादच्या एस्थर डेव्हिड यांनी इंग्रजीत. कोकणातल्या दांड्यात एकटी राहून सिनेगॉग सांभाळणारी त्यांची रेचल मला या सगळ्या पात्रांत सर्वांत ओळखीची वाटते. तशा दोन बाई आमच्या ग्राहक आहेत. वाचक म्हणाल, तर १९४८ नंतरच्या दोन-तीन दशकांत बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली.

त्यामुळे आमचे काम थांबेल असे मी धरून चाललो होतो. झाले वेगळेच. इस्राएलमध्ये ‘मायबोली’ नावाचे मराठी त्रैमासिक निघते. तिथून सुटीवर आलेल्या एका कुटुंबाने आमची कीर्तनाची पुस्तिका नेली आणि गेल्या दहा वर्षांत आमच्याकडे येणारे यहुदी काम प्रामुख्याने तिकडून येऊ लागले. पूर्वी इथल्या लोकांना हिब्रू वाचता येत नसे म्हणून आम्ही हिब्रू प्रार्थना देवनागरीत छापत होतो. आता तिकडच्या नातवंडांना देवनागरी वाचता येत नाही, म्हणून आजीची मराठी पदे हिब्रू अक्षरांत छापून हवी असतात. नगांची संख्या ऐंशी, शंभर, फार तर दीडशे. हिशेबात नफा दिसत नाही, आणि आमच्या मुलीने तो दिसावा म्हणून दर वाढवले तेव्हा मीच ते दोन वेळा कमी केले.

सध्या टेबलावर असलेले काम सणांच्या गाण्यांचे आहे. ‘च’ आणि ‘ज’ यांची सोय हिब्रूत आहे, अक्षरापुढे गेरेश नावाची छोटी टिकली दिली की भागते. ‘ख’, ‘घ’, ‘भ’ यांत हकार मागे जोडून काम चालवतो. अडले ते ‘दारफाळणीचा सण’ या शीर्षकातच. ‘ळ’ ला हिब्रूत अक्षर नाही, आणि ‘ल’ छापला तर ‘दारफालणी’ होते, जे कोणत्याही आजीने कधी म्हटलेले नाही. ‘ल’ साठीच्या लामेद या अक्षराखाली एक टिंब द्यावे असे प्रथम सुचले. पण खालच्या एका टिंबाला हिब्रूत हिरीक म्हणतात आणि मूल तिथे ‘लि’ वाचणार. टिंब वर डावीकडे दिले तर तो होलाम, म्हणजे ‘लो’. शेवटी लामेदपुढेही गेरेशची टिकली ठेवली, पहिल्या पानावर तिचा खुलासा केला आणि मुद्रिते इस्राएलमधल्या अश्दोदला पाठवली. चार दिवसांनी फोन आला. नातीने शीर्षक वाचून दाखवले, पलीकडून आजींनी तिला दोनदा थांबवले आणि जीभ टाळूला कुठे लावायची ते सांगितले. तिसऱ्या खेपेला ‘ळ’ आला. छपाईला मंजुरी मिळाली आहे, कागद नॅचरल शेड, शिलाई उजवीकडे.