बोका निर्दोष निघाला

पाडव्याच्या आधी लाल कोंबडी 13 अंड्यांवर बसवली होती. आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं. घरामागं परस, तिथं दगडमातीचं खुराडं, त्याला टेकून पराट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा ढीग. बाराव्या दिवशी मी पहाटे अंधारातच ज्वारीच्या मळणीला गेले. दिवस मावळता परत येऊन बघते तर कोंबडीच्या मानेवर रक्त सुकलेलं, पिसं विस्कटलेली, अन् पाच अंडी नाहीत.

सासूबाई म्हणाल्या, "त्या बोक्याचंच काम हाय." बोका शेजारच्या काकूंचा. मी तशीच भिंतीवरून डोकावून दोन शब्द बोलले. काकूंनी चार ऐकवले. त्या दिवसापासून आमचं विरजण मागणं बंद.

कोंबडीला हळद-तेल लावलं. बिचारी पुन्हा उरलेल्या आठांवर बसली. कुणीतरी सुचवलं, औषध लावलेलं अंडं ठेवा, जे खाईल ते मरेल. पण परसात दीड वर्षाचं पोर रांगतंय, मला ते पटलं नाही.

मग चुलीची राख मैद्याच्या चाळणीनं चाळली अन् खुराड्याभोवती हातभर रुंद पसरली. दोन रात्री काहीच नाही. सकाळी राख होती तशी, पालीच्या शेपटीची तेवढी एक रेघ. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कोंबड्या सोडून दिल्यावर खुराड्याचं दार लावलं, नवी राख टाकली अन् घरीच थांबले. अकराच्या सुमारास कोंबडी ओरडली म्हणून काठी घेऊन पळाले. कुणी दिसलं नाही, पण पराट्यांच्या बाजूला राखेत पावलं उमटली होती. पाच बोटं, अन् प्रत्येक बोटापुढं नखाचा बारीक टिंब.

आता बोक्याची परीक्षा. दुधात कुस्करलेली भाकरी राखेपलीकडं ठेवली. साहेब ऐटीत चालत आले. चार गोल बोटं, नखाचा पत्ता नाही. मांजर चालताना नखं आत ओढून घेतं. दोन्ही पावलांचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवले, काकूंना दाखवायला लागणारच होते.

दिवसाढवळ्या येणारं, पाच बोटांचं, अंड्यांचं वेड असलेलं म्हणजे मुंगूस. तेव्हा कुठं धुण्याच्या दगडाखालची टरफलं डोक्यात आली. मुंगूस अंडं पुढच्या पायांत धरून मागच्या पायांमधून दगडावर फेकून फोडतं. टरफलं मीच झाडून टाकली होती, पोरांनी काही खाल्लं असेल म्हणून!

ढीग हलवला तर भिंतीखाली भेग. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते, ते कुणाच्या ध्यानात नाही. मुंगसाला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळं पकडण्या-मारण्याचा विषयच नव्हता. त्याचा रस्ता तेवढा बंद करायचा. पराट्या लांब गोठ्याकडं नेल्या. खुराड्याभोवती फूटभर चर खणून अर्धा इंची वेल्डची जाळी उभी पुरली, खालचं टोक बाहेरच्या बाजूला वळवलं, म्हणजे खणणाऱ्याला पायाखाली जाळीच लागते. चर मात्र काळ्या मातीनं भरला नाही. मुरूम आणून धुम्मसला, नाहीतर पुढच्या चैत्रात पुन्हा भेग. कोंबड्यांची म्हणून मिळणारी पातळ षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवायला ठीक. दात असलेल्या जनावरापुढं ती टिकेल असं मला वाटत नाही.

एकविसाव्या दिवशी सहा पिल्लं निघाली. एक घारीनं उचललं, मग उरलेली महिनाभर डालग्याखालीच. मुंगूस अजून दिसतं, बांधावरून पळताना.

मे महिन्यात काकूंकडं सहा अंडी घेऊन गेले अन् फोटो दाखवले. त्यांनी ते चष्मा लावून बघितले, अंडी आत नेली अन् बाहेर येऊन म्हणाल्या, "अन् बोक्याचं?" आता रोज संध्याकाळी त्याला वाटीभर दूध जातं.