उडव्या झाकण्याची रात्र

शेतकऱ्यांच्या प्रेमाची आणि लग्नाची एखादी चांगली कादंबरी सुचवा, असे ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात भेटणारे वाचक मला नेहमी म्हणतात, आणि मी थॉमस हार्डीच्या १८७४ सालच्या 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड'चे नाव घेतले की, आपल्याकडे इतके ग्रामीण साहित्य असताना इंग्लंडातली शेती कशाला, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. तुम्हीही तोच विचारलात म्हणून सांगते.

चुलत्यामागे त्याची शेती बाथशीबा या तरुणीकडे येते आणि ती स्वतः कारभार पाहू लागते. जिला आपण मागणी घातली आणि जिने नकार दिला, तिच्याच पदरी गेब्रियल ओक मेंढपाळ म्हणून राहतो. शेजारचा मातब्बर शेतकरी बोल्डवुड तिच्यासाठी झुरतो, आणि ती मात्र देखण्या, बोलघेवड्या सार्जंट ट्रॉयशी लग्न करून बसते.

सुगीच्या आणि लग्नाच्या मेजवानीची ती रात्र मी कितीदा वाचली असेल. पाऊस येणार नाही असे ठासून सांगत ट्रॉय गड्यांना ब्रँडी पाजतो आणि सगळे कोठारात निपचित पडतात. बाहेर गव्हाच्या पाच आणि सातूच्या तीन उडव्या, म्हणजे कापलेल्या पिकाच्या पेंढ्यांचे रचलेले ढीग, उघड्या आहेत, म्हणजे सुमारे ७५० पौंडांचे धान्य. ओक एकटाच त्या झाकू लागतो. थोड्या वेळाने बाथशीबा येते आणि विजांच्या उजेडात पेंढ्या घेऊन शिडी चढू लागते. सकाळी कळते की, तिच्या ध्यासात बोल्डवुड स्वतःच्या उडव्या झाकायलाच विसरला. एका पावसात हार्डीने तिघांनाही जोखले आहे.

हे मला परके वाटत नाही, कारण मुरबाडला मामाच्या खळ्यावर परतीच्या पावसात हीच धावपळ मी दहाव्या वर्षी कंदील धरून पाहिली आहे. भिजलेल्या भाताला उडवीतच मोड येतात. मामा वर चढून ताडपत्री ओढत होता, मामी खालून दोराचे टोक नेमके त्याच्या हाती जाईल असे फेकत होती, आणि त्या तासाभरात दोघांमध्ये चार शब्दही झाले नसतील. सकाळी कुसळांनी ओरबाडलेल्या तिच्या हातांना मामा खोबरेल लावत होता.

शेवटाकडे बोल्डवुड ट्रॉयला गोळी घालून ठार करतो, तो प्रसंग मला आजही नाटकी वाटतो. पण स्त्रीपुरुष कामात नव्हे तर केवळ करमणुकीत एकत्र येतात, म्हणून प्रेमाला सोबत्याच्या नात्याची जोड क्वचितच मिळते, हे हार्डीचे म्हणणे माझ्या मनातून जात नाही. ओक आणि बाथशीबा यांचे लग्नही तसेच, गाजावाजा नसलेले: कुंद, ओलसर सकाळी दोघे छत्र्या घेऊन चर्चकडे पायी निघतात, तिच्या पायांत चिखलातल्या खडावा असतात, आणि इतक्या वर्षांत प्रथमच त्यांचे हात एकमेकांत गुंफलेले असतात.