उजव्या हातात पाव, डाव्या हातात ई-रीडर

ई-रीडर, म्हणजे पुस्तकं वाचायचं हातातलं यंत्र, घेताना आपण डावखुरे की उजवे याचा विचार करण्याआधी वाचताना आपला कुठला हात अडकलेला असतो ते बघा. डावखुरी माणसं साधारण दहात एक. पण रविवारी सकाळी मिसळीच्या टेबलावर वाचत बसलेला जवळजवळ प्रत्येक नाशिककर डाव्या हाताने वाचतो, कारण उजवा रश्श्यात बुडालेला असतो. जन्माने डावखुरा असला तरी लहानपणी ‘उजव्या हाताने जेव’ हे ऐकून ऐकून त्याचाही जेवणाचा हात बहुधा उजवाच झालेला असतो. पंचवटी एक्सप्रेसमध्ये उभ्याने प्रवास असेल, तर इगतपुरी-कसाऱ्याच्या वळणांवर एक हात आधाराला लागतो आणि दुसऱ्या हातात जे काय असेल ते. म्हणजे आपल्याला दोन्ही हातांनी चालणारं यंत्र हवं आहे, आणि बाजारातली बहुतेक यंत्रं तशी नाहीत.

अडचण नेमकी कुठे आहे ते किंडल या अॅमेझॉनच्या ई-रीडरवर बघू. पान पुढे न्यायला स्क्रीनच्या बऱ्याचशा भागात कुठेही टॅप केलं की चालतं. मागे जायला डाव्या कडेचा उभा, अरुंद पट्टा. वरच्या भागात टॅप केलं तर मेनू उघडतो. उजव्या हातात धरलं की अंगठा आपोआप ‘पुढे’वर पडतो. डाव्या हातात धरलं की तोच अंगठा बरोबर ‘मागे’च्या पट्ट्यावर. पुढचं पान हवं असेल तर अंगठा पट्टा ओलांडून आत न्यायचा, आणि तसं करताना पकड सैल होते. सहा इंची स्क्रीनची रुंदी साधारण 91 मिलिमीटर असते, सात इंचीची 107. स्क्रीन वाढली की यंत्राचं वजनही वाढतं, आणि अंगठा तेवढाच राहतो.

पट्ट्यांची ही मांडणी उलटी करायची सोय किंडलवर नाही. (उजवीकडून डावीकडे वाचायच्या पुस्तकांत, म्हणजे जपानी मांगा वगैरे, ती आपोआप उलटते. त्याचा मराठी वाचकाला उपयोग शून्य.) मग बहुतेक किंडलवर उपाय एकच: टॅप सोडा, स्वाइप करा. डाव्या हातात धरून अंगठ्याचं टोक थोडं आत टेकवायचं आणि बाहेरच्या कडेकडे, म्हणजे उजवीकडून डावीकडे, दीड-दोन सेंटिमीटर झटकन ओढायचं. पान पुढे जातं. ही हालचाल अंगठा मिटण्याची आहे, ताणण्याची नाही, म्हणून तासभर केली तरी हात दुखत नाही. फसते ती दोन प्रकारे. हळू ओढलं तर यंत्राला वाटतं बोट दाबून धरलंय, आणि शब्द निवडला जाऊन शब्दकोशाची चौकट उघडते. फार वरून, तिरकं खाली ओढलं तर वरची सेटिंगची पट्टी खाली येते. स्क्रीनच्या मधल्या उंचीवर, आडवा आणि चटकन, एवढं सांभाळलं की पुरतं.

मराठी वाचकाला ही सवय इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा जास्त लागते. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा-रफार, खाली उकार, त्यामुळे अक्षर एक-दोन पायऱ्या मोठं करावं लागतं आणि दोन ओळींतलं अंतरही. एका पानावर मजकूर कमी मावतो, म्हणजे पानं जास्त उलटावी लागतात. वर अक्षरांच्या चिन्हावर, म्हणजे ‘Aa’वर टॅप करून लेआउटमध्ये गेलं की समास आणि ओळींचं अंतर बदलता येतं. समास मात्र सर्वांत अरुंद ठेवू नका. मधला ठेवला तर टेकलेल्या अंगठ्याखाली अक्षरं दडत नाहीत.

आता यंत्राची चौकट. स्क्रीनभोवतीची कड हीच अंगठ्याची जागा, पण दुकानात तिच्याकडे कोणी बघत नाही. साध्या किंडलची स्क्रीन कडेपेक्षा किंचित खोल बसवलेली असते. अंगठ्याला ती पायरी लागते आणि न बघता कळतं की आपण हद्दीच्या अलीकडे आहोत. पेपरव्हाइट या किंडलच्याच दुसऱ्या मॉडेलला 2018 पासून समोरचा भाग सपाट आहे, कड आणि स्क्रीन एका पातळीत. दिसायला छान, पुसायला सोपं, पण अंगठा कधी आत सरकला ते कळत नाही आणि पान आपोआप मागे जातं. ‘किंडल आपोआप पानं उलटतं’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. जुन्या, इन्फ्रारेड स्पर्शाच्या यंत्रांत (2011 चं किंडल टच त्यातलंच) आणखी एक खोड होती: स्क्रीनच्या पृष्ठावरून अदृश्य किरणांची जाळी जायची, त्यामुळे शर्टाची बाही किंवा कव्हरची सुटलेली कड आडवी आली तरी टॅप व्हायचा. सेकंडहँड यंत्र घेताना हे लक्षात ठेवा. आताच्या कपॅसिटिव्ह, म्हणजे उघड्या बोटाचा विद्युत स्पर्श ओळखणाऱ्या स्क्रीनला बाही लागत नाही, पण लोकरीचा हातमोजाही चालत नाही. निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत गच्चीवर वाचणाऱ्याने एक बोट उघडं ठेवावं.

वजनाचं बोलायचं तर साधं किंडल 158 ग्रॅम, 2024 चं सात इंची पेपरव्हाइट 211. फरक 53 ग्रॅमचाच, पण यंत्र एका कडेला धरलं की वजनाचा मध्य पकडीपासून सहा-साडेसहा सेंटिमीटर लांब जातो आणि सगळा पीळ अंगठ्याच्या बुडाशी येतो. तो वाचवायला लोक करंगळी खालच्या कडेखाली देतात, आणि किंडलचं पॉवर बटण नेमकं तिथेच आहे. वाक्य अर्ध्यावर असताना स्क्रीन झोपते ती अशी. त्यापेक्षा यंत्राचा खालचा कोपरा तळहाताच्या टाचेवर टेकवा, चार बोटं मागे पसरून ठेवा, अंगठा कडेवर नुसता विसावू द्या. चिमटीत धरायचं नाही.

बटणांचा इतिहास बघितला तर थोडा राग येतो. 2010 च्या कीबोर्डवाल्या किंडलला दोन्ही कडांना सारखी बटणं होती, पुढचं मोठं, मागचं छोटं. कुठल्याही हातात धरा, अडचण नाही. 2014 च्या व्हॉयेजलाही दोन्ही बाजूंना दाबाच्या पट्ट्या होत्या. 2016 मध्ये ओअॅसिस आलं: बटणं एकाच बाजूला, तीच बाजू जाड आणि जड, यंत्र उलटं फिरवलं की मजकूरही फिरतो. वजन थेट तळहातात येत असल्यामुळे एका हाताने धरायला आजवरचं सर्वांत समंजस किंडल हेच होतं. तेही आता बंद झालं. बटणं हवीच असतील तर कोबो या दुसऱ्या कंपनीची लिब्रासारखी यंत्रं त्याच पद्धतीची आहेत. फक्त हात बदलताना यंत्र पूर्ण फिरवावं लागतं, आणि कव्हर एकाच बाजूने उघडणारं असेल तर त्याचं झाकण चुकीच्या हाताला येतं. आधी कव्हर बघा, मग यंत्र.

बटणं नसलेल्या कोबोतही वाचनाच्या सेटिंगमध्ये टॅपच्या पट्ट्यांची मांडणी निवडता येते, त्यामुळे डाव्या अंगठ्याखाली ‘पुढे’ आणता येतं. तिथे वेगळीच गंमत होते: डाव्या कडेवरून बोट वर-खाली सरकवलं की प्रकाश कमी-जास्त होतो. डाव्या हाताने वाचणाऱ्याचा दिवा सारखा मंद-प्रखर होत राहतो. ती सोय सेटिंगमधून बंद करा. पट्ट्या अगदी मनासारख्या हव्या असतील तर केओरीडर हे मोफत अॅप आहे, त्यात वरचा अर्धा भाग मागे आणि खालचा पुढे अशीही विभागणी होते. कोबोवर ते सहज बसतं, किंडलवर जेलब्रेक, म्हणजे कंपनीने घातलेलं कुलूप तोडणं, करावं लागतं. नवशिक्याने त्या भानगडीत पडू नये. बाराव्या पिढीच्या, म्हणजे 2024 च्या पेपरव्हाइटवर कडेला किंवा पाठीवर दोनदा टिचकी मारली की पान पुढे जातं. मागे जात नाही, पण डाव्या हाताला पुढेच तर जायचं असतं.

यंत्र हाताला अडकवायचा पट्टा विकत मिळतो, पण घरी बरा बनतो. पुस्तकासारखं उघडणारं कव्हर असेल तर नाशिकच्या मेन रोडच्या बाजूला शिलाईचं सामान मिळतं तिथून 2.5 सेंटिमीटर रुंद, मऊ इलॅस्टिक अर्धा मीटर आणा. सात इंची पेपरव्हाइटच्या झाकणाची उंची साधारण 18 सेंटिमीटर धरली, तर उभा वेढा जाडीसकट 36 भरतो. 34 सेंटिमीटर कापा, दोन्ही टोकं एकमेकांवर दोन सेंटिमीटर चढवून शिवा, 32 चा वेढा होतो. याहून घट्ट केलात तर झाकण वाकतं आणि नीट मिटत नाही. वेढा झाकणावर उभा चढवा. झाकण मागे दुमडलं की बोटं डावीकडून इलॅस्टिकखाली सरकतात आणि यंत्र हातातून सुटत नाही. शिवणीचा जोड झाकणाच्या बाहेरच्या अंगाला हवा, आत राहिला तर मिटल्यावर स्क्रीनवर दाबतो. झाकणाच्या मोकळ्या कडेपासूनही तीनेक सेंटिमीटर दूर राहा, कारण यंत्र झोपवणारं-उठवणारं चुंबक साधारण त्या बाजूला असतं. आणि झाकण फुगून ते दूर राहिलं तर स्क्रीन बॅगेत जागीच राहते.

पाठीवर चिकटवायच्या गोल पकडीही मिळतात. किंडलच्या मऊ रबरी पाठीवर त्या टिकत नाहीत, आधी पातळ पारदर्शक कव्हर घाला आणि त्यावर मधोमध न लावता धरायच्या हाताकडे जरा सरकवून लावा.

मिसळीचं राहिलंच. पेपरव्हाइटचं आयपीएक्स 8 हे पाण्यापासून संरक्षणाचं मानांकन, म्हणजे गोड्या पाण्यात दोन मीटर खोल, साठ मिनिटं. तर्री त्यात येत नाही. साध्या किंडलला तेवढंही संरक्षण नाही. तेलाचा थेंब पडला तर आधी बटण दाबून स्क्रीन झोपवा, नाहीतर पुसताना पंधरा पानं पुढे जातात. मग किंचित ओलं सुती कापड, नंतर कोरडं. चार्जिंगच्या खाचेत ओल गेली असेल तर ती पूर्ण सुकल्याशिवाय केबल लावू नका. आणि पुढच्या वेळी वाटी उजवीकडे ठेवा, यंत्र डावीकडे.